धोंड्यांना खोट्या साक्षीला उभे करू नका

'पृथ्वीचे हवामान नेहमीच बदलत आले आहे. राजस्थानच्या वाळवंटातही एके काळी हिमनद्या वाहत होत्या. तेव्हा ना कारखाने होते, ना मोटारी. मग आजच्या उन्हाळ्याचे खापर माणसाच्या माथी कशाला?' हा युक्तिवाद गेल्या काही वर्षांत आपल्या सुशिक्षित बैठकांतून इतक्या वेळा कानी पडू लागला आहे, की त्याला आता जवळजवळ सुभाषिताची प्रतिष्ठा प्राप्त झाली आहे. व्याख्यानमालेतील वक्ता तो म्हणतो, श्रोते समाधानाने माना डोलावतात, आभारप्रदर्शन होते आणि मंडळी चहाकडे वळतात. कोणी हात वर करून एक साधा प्रश्न विचारीत नाही. मला तो प्रश्न येथे विचारावयाचा आहे. सभेत दोन मिनिटांत तो मावला नसता, म्हणून लेखाचा आश्रय.

प्रथमच सांगतो, माझा वाद त्या वस्तुस्थितीशी नाही. वाळवंटात हिमनद्या होत्या हे खरेच आहे आणि विज्ञानातील मला ठाऊक असलेल्या अत्यंत रमणीय सत्यांपैकी ते एक आहे. वाद आहे तो त्या सत्याकडून जे वदवून घेतले जाते त्याच्याशी. साक्षीदार खरा, पण त्याची जबानी वकिलाने पढवलेली, असा हा प्रकार आहे. छत्तीस वर्षे शासकीय नस्त्या चाळण्यात गेलेल्या माणसाला अशी जबानी वासावरून ओळखता येते.

तेव्हा आधी साक्षीदाराची नीट ओळख करून घेऊ. जोधपूरपासून २०२३ साली वेगळ्या झालेल्या फलोदी जिल्ह्यात, फलोदी शहराच्या उत्तरेस 'बाप' नावाचे गाव आहे. (वाचकांनी हसू नये, नाव खरोखरच तेच आहे.) या गावाच्या परिसरात सपाट, उजाड माळावर लहानमोठे धोंडे विखुरलेले दिसतात. बिकानेर-जैसलमेर मार्गाने जाणाऱ्या प्रवाशाला त्यात पाहण्यासारखे काही वाटत नाही, कारण धोंड्यांचा माळ आपल्या देशात कोठे नाही? पण हे धोंडे तेथले नाहीत. त्यांत मालाणी प्रदेशातील तांबूस रायोलाइट आहे, ग्रॅनाइट आहे, चुनखडक आहे; निरनिराळ्या ठिकाणांहून आलेली ही मंडळी बारीक मातकट गाळात एकत्र कालवली गेली आहेत. नदीने आणलेले गोटे आकारमानानुसार निवडले जातात. जड आधी पडतात, हलके पुढे जातात. येथे अशी निवड झालेलीच नाही. मुठीएवढा दगड आणि बैलाएवढा धोंडा शेजारीशेजारी बसले आहेत. काहींच्या बाजू रंधा मारल्याप्रमाणे सपाट झालेल्या आहेत आणि त्यांवर समांतर ओरखडे आहेत. वारा असे ओरखडे काढीत नाही, पाणीही काढीत नाही. तळाशी दगड धरून खडकावरून सरकत जाणारे जाड बर्फच ते काढू शकते. भूवैज्ञानिक या थराला बापचा गोट्यांचा थर म्हणतात आणि त्याचे वय सुमारे ३० कोटी वर्षे मानतात.

आणि ज्या फलोदीच्या कुशीत हा बर्फाचा दस्तऐवज पडून आहे, त्याच फलोदीत १९ मे २०१६ रोजी ५१ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली, जी त्या वेळी आपल्या देशातील सर्वोच्च ठरली. एवढा विरोधाभास हाताशी असल्यावर वक्त्याला मोह होणारच, हे मी समजू शकतो.

ही ओळख भूवैज्ञानिकांना पटण्यास वेळ लागला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची स्थापना १८५१ची. त्यानंतर पाचच वर्षांनी, १८५६ साली, विल्यम व हेन्री हे ब्लॅनफर्ड बंधू आणि त्यांचे सहकारी विल्यम थिओबाल्ड ओडिशातील तालचेर येथील कोळसा तपासावयास गेले. तेथे कोळशाच्याही खाली त्यांना हिरवट, अतिशय बारीक गाळाच्या खडकात रुतलेले प्रचंड धोंडे दिसले. धोंडा वाहून आणण्याइतका जोराचा प्रवाह असेल तर बारीक गाळ तेथे थांबणार नाही, आणि गाळ शांतपणे बसला असेल तर धोंडा तेथवर येणार नाही. या पेचातून सुटण्याचा एकच मार्ग त्यांना दिसला, तो म्हणजे बर्फाने धोंडे उचलून आणले असावेत. उष्ण कटिबंधात, समुद्रसपाटीच्या जवळ, बर्फ! युरोपातील विद्वानांना ते पटकन रुचले नाही, यात नवल नाही. पुरावा हवा होता तो बर्फाने घासलेल्या मूळ जमिनीचा. तो मिळाला आपल्या चंद्रपुराजवळ, इरई नदीच्या पात्रात. फेडन या सर्वेक्षकाने तेथे धोंड्यांच्या थराखाली दडलेला चुनखडकाचा तळ पाहिला. तो झिलई केल्यासारखा गुळगुळीत होता आणि त्यावर खोल, समांतर खाचा होत्या. त्याने ते वृत्त १८७५ साली प्रसिद्ध केले. विदर्भाच्या मातीत, जेथे उन्हाळ्यात चिमण्या झाडाखाली मरून पडतात, तेथे बर्फाने केलेली ही स्वाक्षरी आहे. चंद्रपूरला सोयरीक असलेली कितीतरी घरे आपल्यात आहेत. त्यांतील कितींना इरईची ही ख्याती ठाऊक आहे, हे विचारून पाहण्याजोगे आहे.

विल्यम ब्लॅनफर्ड पुढे सिंध आणि राजपुताना यांच्यामधील वाळवंट ओलांडून गेले आणि १८७७ साली त्यांची टिपणे प्रसिद्ध झाली. १९०२ साली ला टूश यांनी पश्चिम राजपुतान्याचे सविस्तर वर्णन केले. बडोद्याच्या महाविद्यालयात शिकलेले दाराशा वाडिया यांनी १९१९ साली भारताच्या भूविज्ञानावर जो ग्रंथ लिहिला, त्यावर आपल्याकडील विद्यार्थ्यांच्या पिढ्या पोसल्या गेल्या. त्यामुळे आता हे धोंडे सर्वांच्या परिचयाचे झाले आहेत, निदान असावयास हवेत.

आता एक गोष्ट, जी व्याख्यानात कधी सांगितली जात नाही. बापच्या थराबरोबर पोखरणच्या धोंड्यांच्या थराचेही नाव घेण्याची पद्धत आहे. पोखरण म्हटले की १९७४ आणि १९९८ हीच साले आपल्याला आठवतात. पण भूवैज्ञानिकांच्या लेखी त्या गावाचे नाव धोंड्यांसाठी जुने आहे. हा थर बापपेक्षा फार प्राचीन असावा, आणि तो हिमनदीचा आहे की डोंगरउतारावरून पाण्याच्या लोंढ्याने आणलेला राडारोडा आहे, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. अनेक जण आज दुसऱ्या मताकडे झुकतात. म्हणजे एकाच वाळवंटातील धोंड्यांचे दोन थर, त्यांपैकी एकाचा दावा भक्कम आणि दुसऱ्याचा डळमळीत. विज्ञानातील शंका अशी असते. ती खडकापाशी जाते, गोटा हातात घेते, ओरखडे मोजते, आणि मग बोलते. आमचे वक्ते मात्र दोन्ही थर एकाच दमात मोजतात आणि स्वतःला शंकावादी म्हणवतात.

आता मूळ मुद्दा. वाळवंटात बर्फ होते याचा अर्थ काय? वक्त्याच्या म्हणण्याप्रमाणे, राजस्थानचे हवामान आपोआप थंडाचे उष्ण झाले. पण खडक तसे म्हणत नाहीत. पंजाबातील मिठाच्या डोंगररांगेत, म्हणजे आज पाकिस्तानात, याच काळाचा धोंड्यांचा थर आहे आणि त्यात राजस्थानातील मालाणी रायोलाइटचे गोटे सापडतात. म्हणजे बर्फाचा ओघ दक्षिणेकडून उत्तरेकडे होता. आजच्या नकाशावर पाहिले तर हे बर्फ विषुववृत्ताच्या दिशेकडून ध्रुवाकडे सरकत होते! दक्षिण ऑस्ट्रेलियातील ॲडलेडजवळ हॅलेट कोव्ह येथे राल्फ टेट यांना १८७७ साली असाच घासलेला खडक सापडला. तेथे तर बर्फ समुद्राकडून जमिनीवर चढल्यासारखे दिसते. दक्षिण आफ्रिकेत तोच प्रकार. जर ही सारी भूखंडे आजच्याच जागी असती, तर अर्ध्या पृथ्वीवर विषुववृत्तापर्यंत बर्फ असावयास हवे होते, आणि त्याच काळी युरोप व अमेरिकेत दलदलीची घनदाट अरण्ये वाढत होती, त्यांचे काय करायचे? आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ साली भूखंडे सरकतात असे मांडले, त्यामागे हे कोडेही होते. भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका एकत्र जुळवून दक्षिण ध्रुवाभोवती ठेवा, म्हणजे ओरखड्यांच्या सगळ्या दिशा एका मध्यातून बाहेर पसरलेल्या दिसू लागतात. वेगेनर यांना हयातीत उपेक्षाच मिळाली आणि १९३० साली ग्रीनलंडच्या बर्फातच त्यांचा अंत झाला. त्यांच्या म्हणण्याला मान्यता मिळावयास १९६०चे दशक उजाडावे लागले.

म्हणजे बर्फ होते तेव्हा ती जमीन राजस्थानात नव्हतीच. ती दक्षिणेच्या उच्च अक्षांशांत, गोंडवनभूमीचा भाग होती. 'राजस्थानात हिमनद्या होत्या' हे वाक्य 'आमच्या पणजोबांच्या लहानपणी इंदूरच्या आमच्या वाड्यातून कृष्णा नदी दिसत असे' यासारखे आहे. दिसत असेल, पण पणजोबा तेव्हा वाईला होते. आपल्यासारख्या, दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वी शिंदे-होळकर-गायकवाडांबरोबर आलेल्या घराण्यांना तरी घर हलणे आणि हवा बदलणे यांतला फरक सांगावा लागू नये.

आता ही सरकती जमीन आजच्या उष्णतेला किती जबाबदार धरायची, त्याचा हिशेब करू. भारतीय भूपट्ट आज वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर या वेगाने उत्तरेकडे सरकतो आहे. औद्योगिक क्रांतीचा धूर जगभर पसरू लागल्यापासून १७५ वर्षे धरली, तर या काळात आपण पावणेनऊ मीटर सरकलो. सराफ्यातील दुकानाच्या एका पायरीवरून शेजारच्या पायरीवर. एवढ्याने हवा बदलत असती, तर पुढच्या अंगणातील माणसाला स्वेटर आणि परसातील माणसाला पंखा लागला असता. तीस कोटी वर्षांच्या खात्यातील कारण पावणेदोनशे वर्षांच्या खात्यावर टाकणे याला हिशेबतपासनीस काय म्हणतो, ते लिहीत नाही.

परंतु केवळ जागा बदलणे हे एकच कारण नव्हते, आणि येथे साक्षीदार वक्त्याच्या विरुद्धच बोलू लागतो. ध्रुवाजवळ जमीन असूनही बर्फाचा एवढा विस्तार प्रत्येक काळात झालेला नाही. त्या हिमकाळात हवेतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण बरेच उतरले होते, सर्वांत थंड टप्प्यांत ते औद्योगिक क्रांतीपूर्वीच्या पातळीच्या आसपास आले असावे, असे अनुमान आहे. ते का उतरले? उत्तरेकडील ज्या दलदलीच्या अरण्यांचा वर उल्लेख केला, त्यांनी हवेतील कार्बन शोषून घेतला आणि कुजण्यापूर्वीच तो गाळाखाली गाडला गेला, हे त्याचे एक मोठे कारण. तोच युरोप-अमेरिकेचा दगडी कोळसा. आपल्याकडे बर्फ ओसरल्यावर त्याच जमिनीवर ग्लॉसॉप्टेरिस वनस्पतींची राने वाढली व गाडली गेली; त्यांचा कोळसा तालचेर, उमरिया, वर्धा खोरे येथे हिमनदीच्या थरांच्या वर बसलेला आहे. खाली बर्फाचा गाळ आणि वर कोळसा, अशी ही तळमजला-माडीची रचना आहे. आज आपण माडी जाळतो आहोत आणि तळमजल्याकडे बोट दाखवून म्हणतो आहोत, बघा, हवा आपोआपच बदलते. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राला पाणी पुरवणारे धरण त्याच इरई नदीवर आहे, ही गोष्ट मी योगायोग म्हणून सोडून देतो.

येथे एक अधिक अभ्यासू प्रतिपक्षी उभा राहतो. तो म्हणतो, 'सहाराचे काय?' प्रश्न चांगला आहे, त्याचे स्वागत आहे. अल्जीरियातील तासिली-न-अज्जेर हा प्रदेश प्राचीन शैलचित्रांसाठी प्रसिद्ध आहे. खनिज तेलाच्या शोधात तेथे फिरणाऱ्या फ्रेंच भूवैज्ञानिकांना १९६०च्या दशकात वालुकाश्मावर हिमनदीचे ओरखडे दिसले. हे बर्फ बापच्या बर्फाहूनही जुने, सुमारे साडेचव्वेचाळीस कोटी वर्षांपूर्वीचे, ऑर्डोव्हिसियन कल्पाच्या अखेरचे. तेव्हा दक्षिण ध्रुव वायव्य आफ्रिकेच्या परिसरात होता. अडचण अशी, की त्या काळी हवेतील कार्बन डायऑक्साइड आजच्या कितीतरी पट होता असे मानले जाते. मग बर्फ कसे? 'पाहा,' प्रतिपक्षी म्हणतो, 'कार्बन आणि उष्णता यांचा काही संबंध नाही.' संबंध आहे. पण चूल एकच नसते. सूर्यासारखा तारा वयाबरोबर प्रखर होत जातो, दर अकरा कोटी वर्षांत साधारण एक टक्का. म्हणजे तेव्हाचा सूर्य आजच्यापेक्षा सुमारे चार टक्के मंद होता. मंद शेगडीवर जाड गोधडी घेऊनही थंडी वाजू शकते. त्यावरून गोधडीला ऊब नसते असे कोणी म्हणत नाही. शिवाय कार्बनचे प्रमाण तेव्हा मोठे असले तरी हिमकाळापूर्वी ते खाली येत होते, असे अनेक संशोधकांचे मत आहे. या हिमकाळाचा शेवटही ध्यानात घ्यावा. त्या वेळी समुद्रातील जीवजातींपैकी सुमारे ८५ टक्के नष्ट झाल्या, असा अंदाज आहे. 'हवामान पूर्वीही बदलले होते' हे वाक्य दिलासा म्हणून उच्चारणाऱ्यांनी त्या जातींचा अभिप्राय मागवलेला दिसत नाही.

ओमानमधील हुक्फच्या वाळवंटातही बापच्याच काळातील हिमनदीचा घासलेला खडक उघडा पडलेला आहे, आणि त्याच काळचे हिमनदीचे वालुकाश्म तेथील काही तेलक्षेत्रांत तेलाचे कोठार बनले आहेत. मस्कतला नोकरीस असलेल्या आपल्या मुलांच्या पगारात म्हणजे तीस कोटी वर्षांपूर्वीच्या बर्फाचाही थोडा वाटा आहे. नामिबियाच्या ओसाड वायव्य भागात तर बर्फाने कोरलेल्या दऱ्या, नॉर्वेच्या किनाऱ्यावर असतात तशा, तीस कोटी वर्षांनंतरही ओळखू येतात, असे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाखवले गेले. हे सारे वाचले की मन हरखून जाते. आणि मग कोणी तरी त्यातून 'सबब चिंतेचे कारण नाही' असा शेरा मारतो.

वेगाविषयी दोन शब्द. ३० कोटी वर्षांचा एक दिवस कल्पिला, तर आपली १७५ वर्षे म्हणजे एका सेकंदाचा विसावा भाग. पापणीही लवत नाही तेवढ्यात. अलीकडचे, म्हणजे मानवाने अनुभवलेले हिमयुग संपताना हवेतील कार्बन डायऑक्साइड दर दशलक्ष भागांत सुमारे १९० वरून २६०-२७० भागांपर्यंत चढला. त्याला सहासात हजार वर्षे लागली. आपण तो २८० वरून ४२०च्या पलीकडे नेला, पावणेदोनशे वर्षांत. आणि २०२४ हे वर्ष औद्योगिक क्रांतीपूर्वीच्या सरासरीहून दीड अंशाने अधिक उष्ण ठरलेले पहिले वर्ष म्हणून जागतिक हवामान संघटनेने नोंदवले. धरणावर काम केलेला माणूस म्हणून एवढेच सांगतो, की जलाशय महिनाभरात दहा मीटर भरणे आणि एका रात्रीत दहा मीटर भरणे या दोन घटना अभियंता एकाच रकान्यात लिहीत नाही. पातळी तीच, पण दुसऱ्या प्रसंगी तो खालच्या गावांना उठवावयास माणूस धाडतो.

'पूर्वीही झाले होते' या तर्काचे मूळ तपासू. गावात पूर्वी वीज पडून गंजी पेटली होती. आज पुन्हा गंजी पेटली आहे, शेजारी काड्यापेटी सापडली आहे आणि आकाश निरभ्र आहे. तलाठ्याने पंचनाम्यात 'गंज्या पूर्वीपासून पेटतच आल्या आहेत' एवढे लिहून कागद दाखल करावा काय? आजच्या प्रसंगी तर ठसेही उपलब्ध आहेत. कोट्यवधी वर्षे गाडलेल्या कोळशात व तेलात किरणोत्सारी कार्बन-१४ उरलेला नसतो. हवेतील कार्बनमध्ये त्याचा अंश पातळ होत चालला आहे, हे हान्स स्यूस यांनी झाडांच्या वार्षिक वलयांवरून १९५५ सालीच दाखवले होते. म्हणजे वाढलेला कार्बन कोणाच्या घरचा आहे, ते कळले. सूर्य प्रखर झाला म्हणावे, तर १९७८पासून उपग्रह त्याची मोजणी करीत आहेत आणि तेवढ्या काळात तो वाढलेला नाही. शिवाय सूर्य कारण असता, तर वातावरणाचे वरचे थरही तापले असते. प्रत्यक्षात खालचा थर तापतो आहे आणि वरचे थंड होत आहेत. ज्वालामुखी? त्यांचा वार्षिक कार्बन डायऑक्साइड आपल्या उत्सर्जनाच्या एक टक्क्याहूनही कमी भरतो. इतका स्वच्छ पंचनामा मी माझ्या नोकरीत फार थोड्या प्रकरणांत पाहिला.

ब्लॅनफर्ड बंधूंपैकी हेन्री यांची पुढची कथा मला फार अर्थपूर्ण वाटते. तालचेरच्या धोंड्यांत बर्फ ओळखणारा हा माणूस १८७५ साली नव्याने स्थापन झालेल्या भारतीय हवामान खात्याचा पहिला प्रमुख झाला. लगेच पुढच्या वर्षी तो भीषण दुष्काळ सुरू झाला, ज्यात दख्खन आणि मद्रास इलाखा होरपळून निघाला. पावसाचे आगाऊ अनुमान करता येईल काय, याचा शोध हेन्री घेऊ लागले आणि हिमालयावरील अधिक हिमवर्षाव व मैदानातील अवर्षण यांचा संबंध त्यांनी १८८४ साली मांडला. त्या आधारावर १८८६ साली मान्सूनचा पहिला अधिकृत अंदाज प्रसिद्ध झाला. तो संबंध त्यांना वाटला तितका सरळ नाही असे पुढे दिसून आले, ते सोडा. ज्या बुद्धीने प्राचीन बर्फ ओळखले, त्याच बुद्धीने वर्तमान बर्फाकडे शेतकऱ्याच्या काळजीने पाहिले. 'बर्फ काय, येतच असते आणि जातच असते' असे म्हणून त्यांनी दौत झाकली नाही.

उलट बाजूच्या अतिशयोक्तीलाही माझा पाठिंबा नाही, हे नोंदवणे अगत्याचे आहे. हिमालयातील हिमनद्या २०३५पर्यंत नाहीशा होतील, असे विधान आंतरशासकीय समितीच्या २००७च्या अहवालात शिरले होते. ते निराधार होते आणि जानेवारी २०१०मध्ये समितीने तशी कबुली दिली. त्या चुकीचे भांडवल आजही केले जाते. पण चूक दाखवली कोणी? हिमनद्यांच्या अभ्यासकांनीच. आणि चूक काढून टाकल्यावर उरले ते काही समाधानकारक नाही. काठमांडूच्या पर्वतविकास केंद्राच्या २०२३च्या अहवालानुसार, हिंदुकुश-हिमालयातील हिमनद्यांचा ऱ्हास २०११ ते २०२० या दशकात आधीच्या दशकापेक्षा ६५ टक्के अधिक वेगाने झाला. ऑक्टोबर २०२३मध्ये सिक्कीममधील दक्षिण ल्होनाक हे हिमसरोवर फुटून तिस्तेवरील धरण वाहून गेले. मात्र प्रत्येक पुराचे, प्रत्येक दरडीचे नाते तापमानवाढीशी जोडणाऱ्या वार्ताहरांचाही मला तितकाच कंटाळा आहे. ऑगस्ट २०२४मध्ये विश्वामित्रीने बडोदे बुडवले. त्यात पावसाचा वाटा किती आणि नदीपात्र अरुंद करणाऱ्या आपल्या बांधकामांचा वाटा किती, याचा वेगळा हिशेब मांडावा लागेल, आणि तो आपल्याला सोयीचा नसेल.

आपल्या वाचकांना याचे सोयरसुतक का असावे, असे कोणी विचारील. आपली घराणी जेथे स्थिरावली, ती पाण्याच्या भरवशावर. माळव्यात पावलोपावली पाणी ही ख्याती ऐकूनच आपले पूर्वज येथे रमले. त्यांनी बारवा बांधल्या, घाट बांधले. माझ्या नोकरीच्या उत्तरार्धात याच माळव्यात उन्हाळी टँकरांचे तक्ते तयार करण्याचे काम माझ्या टेबलावर येत असे. माळव्याच्या थंड रात्रींचे कौतुक करणारी पिढी हळूहळू जात आहे आणि नव्या सदनिकांतून वातानुकूलन यंत्रांची घरघर रात्रभर चालू असते. याचे सर्व खापर हवेच्या माथी फोडणे अप्रामाणिकपणाचे होईल. विहिरी आपणच उपसल्या. परंतु जो वर्ग शिकलेला आहे, ज्याच्या मुलांपैकी निम्मी अभियंते आहेत, त्याने 'हे सारे नैसर्गिकच' अशी पळवाट शोधावी आणि ती एका सुंदर शोधाच्या नावाने शोधावी, हे मला सहन होत नाही. अज्ञानाला क्षमा आहे. पण हे अज्ञान नव्हे. अर्धे पान वाचून पुस्तक मिटणे आहे.

ज्यांना पूर्ण पान वाचावयाचे असेल, त्यांनी छत्तीसगडमधील मनेंद्रगढ येथे हसदेव नदीच्या काठी जावे. आमच्या अविभाजित मध्य प्रदेशातील हे गाव, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत. तेथे हिमनदीच्या थरांलगत थंड समुद्रातील शिंपल्यांचे जीवाश्म आहेत. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने ते स्थळ राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून जाहीर केले आहे. बर्फ वितळले, समुद्र चढला आणि त्याचा एक फाटा देशाच्या मध्यापर्यंत आला, ही त्या शिंपल्यांची हकिगत. बाप आणि इरई येथील साक्षीचा हा पुढचा भाग आहे. आमचे वक्ते बर्फापर्यंत येऊन थांबतात. ते वितळल्यावर काय झाले, हे सांगण्याची वेळ येते तेव्हा त्यांची वेळ संपलेली असते. गोव्यातील आपल्या वाचकांना या दुसऱ्या भागात अधिक रस वाटावा.

या स्थळांच्या जपणुकीचाही प्रश्न आहे. भूवारसा स्थळांच्या रक्षणासाठी केंद्रीय खाण मंत्रालयाने डिसेंबर २०२२मध्ये एका विधेयकाचा मसुदा जाहीर केला होता. मसुद्याने दगड वाचत नाहीत, हे शासकीय सेवेतील कोणीही सांगेल. बाप तालुक्यातच भडला येथे जगातील मोठ्या सौर ऊर्जा उद्यानांपैकी एक उभे आहे. त्या उद्योगाचे मी स्वागतच करतो, कारण कोळशाची माडी जाळणे थांबवण्याचा तोच मार्ग आहे. परंतु वाळवंटात जमीन सपाट करणारी यंत्रे फिरू लागली, की माळावरचे 'निरुपयोगी' धोंडे पहिल्यांदा उचलले जातात. तसेच नदीपात्रांतील वाळू-मुरूम उपसणाऱ्या यंत्रांना घासलेला खडक आणि साधा खडक यांत फरक कळत नाही. जिल्हाधिकाऱ्याच्या एका आदेशाने आणि चार खांबांच्या कुंपणाने होण्यासारखे हे काम आहे. त्यासाठी कायद्याची वाट पाहावी लागत नाही.

आणि आपल्या व्याख्यान समित्यांना एक सूचना. यापुढे या विषयावर कोणी बोलणार असेल, तर प्रश्नोत्तरांसाठी अर्धा तास राखून ठेवावा व चहा नंतर ठेवावा. पहिला प्रश्न मी येथेच लिहून देतो: महाशय, आपण सांगितलेल्या हिमनद्या वाहत होत्या तेव्हा बाप हे गाव कोणत्या अक्षांशावर होते?